आधी विचारू या

संत मार्कच्या शुभवर्तमानात (९:१४-२९) प्रभू येशू आजारी मुलाला दोष देत नाही. त्रास केव्हापासून आहे, हे बापाला विचारतो.

मुलांचे मनाचे आजार रक्त तपासून कळत नाहीत. अतिचंचलतेचे निदान करताना डॉक्टर घरची आणि शाळेची, दोन्हीकडची हकिगत विचारतात. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. आपण लोकलाजेने काही लपवले, तर निदान चुकते. म्हणून खोडकर मुलाला मार नको, घाईने शिक्काही नको.

गंगाखेडच्या अंगणवाड्या व सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना शंका सांगू या. टेली-मानस, १४४१६, ही मोफत सेवा २०२२ पासून आहे. डॉक्टरांचे औषध आपल्या मनाने बंद करू नये. प्रार्थना करू या, उपचारही घेऊ या.