ग्रहणासाठी मुलीला जागवू का?

प्रश्न : लेकीला खग्रास चंद्रग्रहण दाखवायचंय. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर चालेल? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जरूर जागवा! चंद्रग्रहणाने डोळ्यांना काहीही अपाय होत नाही. खास चश्मा लागतो तो सूर्यग्रहणाला. कोकणात खरा अडसर ढगांचा. ७ सप्टेंबर २०२५चं ग्रहण पावसाळ्यात आलं. ३१ डिसेंबर २०२८चं मात्र थंडीत आहे. रात्री साडेआठनंतर चंद्राची कड काळवंडू लागेल, पावणेदहाच्या सुमारास खग्रास स्थिती सुरू होऊन तासाभराहून अधिक टिकेल. पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला लालसर प्रकाशच तेवढा पोचत असल्याने चंद्र तेव्हा तांबूस दिसतो. भाट्याच्या किनाऱ्यावर जायलाच हवं असं नाही. चंद्र पूर्वेकडे बराच वर असेल, अंगणातला दिवा मालवा. आणि तिला नेहमीच्या वेळी पोटभर जेवू घाला.