लहान सिनेमातली उमेदवारी

चि. निनाद यास,


तुझं पत्र पोचलं. कमी बजेटच्या सिनेमात काम घेतलं तर कायमचा तसल्याच कामांचा शिक्का बसेल, ही तुझी धास्ती मला कळते. म्हणून तुला बॉब स्टील या हॉलिवूडच्या नटाबद्दल लिहितो.

1930च्या दशकात हॉलिवूडच्या छोट्या कंपन्या घोडेस्वारीचे आणि गोळीबाराचे वेस्टर्न सिनेमे धडाधड काढत. सिनेमा तासाभराचा, चित्रीकरण आठ-दहा दिवसांत उरकायचं. फिल्म वाया घालवणं परवडत नसे, त्यामुळे रिटेकची चैन नव्हती. बॉब 1927पासून अशा सिनेमांचा नायक होता. अंगानं लहानखुरा, पण विलक्षण चपळ. वडील रॉबर्ट ब्रॅडबरी दिग्दर्शक; त्यांच्याही हाताखाली त्यानं भरपूर काम केलं. समीक्षक या सिनेमांकडे ढुंकून पाहत नसत, पण शनिवारी दुपारी पोरांची झुंबड उडायची. तिथे बॉबच्या अंगात दोन गोष्टी मुरल्या: पहिल्याच टेकला तयार असणं आणि ठोसा न लागता लागल्यासारखा दाखवणं.

1939मध्ये स्टाइनबेकच्या कादंबरीवरच्या ‘ऑफ माइस अँड मेन’मध्ये त्याला कर्लीची भूमिका मिळाली. कर्ली हा मालकाचा बुटका, मुष्टियुद्ध खेळलेला मुलगा; धिप्पाड माणूस दिसला की भांडण उकरून काढणारा. इतकी वर्षं केलेली मारामारी तिथे कामी आली. 1946चा ‘द बिग स्लीप’ तर तू जरूर बघ. त्यात कॅनिनो नावाचा गुंड झालेला बॉब एका भेदरलेल्या माणसाला गोड बोलून विषारी दारू पाजतो. ना आरडाओरडा, ना हाणामारी. तरी अंगावर काटा येतो.

पुढे तो जॉन वेन या नटाएवढा मोठा झाला नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. छोटे वेस्टर्न बंद पडले, नायकपण गेलं. पण 1959मध्ये वेनच्याच ‘रिओ ब्राव्हो’त त्यानं लहानशी भूमिका केली आणि साठीच्या घरात ‘एफ ट्रूप’ या टीव्ही मालिकेत म्हातारा शिपाई रंगवून लोकांना हसवलं. काम मिळत राहिलं, कारण त्याला काम येत होतं.

तेव्हा बाळा, भूमिका घे. चांगला सिनेमा मिळेल तेव्हा जीव ओतीन, असं म्हणून अभिनय राखून ठेवू नकोस. वापरला नाही तर तो गंजतो. संवाद चोख पाठ करून जा. कॅमेरामन आणि फाइट मास्टर यांच्याजवळ उभा राहून शीक. मात्र पैसे वाचवायचे म्हणून कोणी धोक्याची उडी तुलाच मारायला सांगितली, तर स्पष्ट नाही म्हण. मानधन आणि विमा लेखी घे. सही करण्याआधी करारपत्र मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचीन.

तुझा,
मामा