शादीचे फोटो हॉलच्या बाहेर

हॉलमधला रंगीत पडदा, दोन खुर्च्या आणि समोर मुबारकबाद देणाऱ्यांची रांग, एवढ्यावर फोटोग्राफरचे घर चालण्याचे दिवस गेले. तसले फोटो आता प्रत्येक पाहुण्याच्या मोबाईलमध्ये असतात. गिऱ्हाईक पैसे मोजते ते दूल्हा-दुल्हनच्या अशा फोटोसाठी, जो घरच्या भाच्याला काढता येत नाही. म्हणून हॉल सोडून वेगळ्या जागी जाण्याची पद्धत रूढ झाली. परंतु बरेच बंधू नकली राजवाड्याच्या सेटचे भाडे भरतात आणि उजेडाकडे पाहत नाहीत. त्या सेटवर काल दुसरे जोडपे उभे होते आणि उद्या तिसरे उभे राहील. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला याची काहीच गरज नाही, असे आम्हाला वाटते.

दादासाहेब फाळके हे १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. चित्रपटाकडे वळण्याआधी त्यांनी फोटोग्राफीचा धंदा केला होता. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' नंतर त्यांनी आपले काम नाशिकला हलवले. त्या काळी काम सूर्याच्या उजेडावरच चाले. आजही आधी ऊन पाहावे आणि मग जागा ठरवावी. डिसेंबरात येथे सातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. उगवल्यानंतरचा व मावळण्याआधीचा एक तास चेहऱ्यासाठी उत्तम. भर दुपारी डोळ्यांखाली काळे पडते, तेव्हा मोकळ्या आकाशाखालची सावली शोधावी.

आपल्या भागाची एक अडचण पुस्तकात सापडणार नाही. गोदाघाट, जुने वाडे, डोंगर सगळे काळ्या दगडाचे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सारे काही मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. चौकटीत काळा दगड जास्त आला की तो उजेड कमी आहे असे समजतो आणि जास्त उजेड आत घेतो. मग दुल्हनचा चेहरा फटफटीत होतो आणि ओढणीवरची जरी नाहीशी होते. अशा ठिकाणी साधारण एक स्टॉप कमी ठेवावा. चुन्याची पांढरी भिंत किंवा ढगाळ आकाश पाठीशी असेल तर उलट, एक स्टॉप जास्त. अंधारलेला फोटो नंतर थोडाफार उजळता येतो, पण उडालेली जरी कोणत्याही कॉम्प्युटरवर परत येत नाही.

दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागा आहेत. तिथे मांडवाच्या मध्यभागी जोडपे उभे करू नये, पानांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर हिरवट झाक आणतो. ओळीच्या टोकाला उभे करून मोकळ्या बाजूने पांढऱ्या थर्माकोलचा उजेड द्यावा. घडाला मात्र हात लावू देऊ नका. मण्यावरची लव पुसली गेली की शेतकऱ्याच्या मालाला भाव कमी मिळतो, आणि पुढच्या वेळी तो बागेचे फाटक उघडणार नाही. फवारणी कधी झाली तेही आधी विचारावे.

आम्हाला सर्वात जास्त आवडणारी जागा म्हणजे दूल्ह्याची स्वतःची कामाची जागा. सुताराचा कारखाना, गॅरेज, मालेगावचा यंत्रमागाचा शेड. छपराच्या काचेतून येणारा उजेड, ताणलेले रंगीत सूत, ज्या मागावर बाप बसला त्याच्याशेजारी शेरवानीतला मुलगा, हा फोटो भाड्याच्या सेटवर मिळणार नाही. काही घरांना यात कमीपणा वाटतो, "कारखान्यात कसला फोटो?" असे म्हणतात. त्यांना एक नमुना काढून दाखवावा. पण माग पूर्ण बंद केल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. पट्ट्यात ओढणी सापडायला एक क्षण पुरतो. कापसाची धूळ लेन्सवर आणि मखमलीवर लगेच बसते, म्हणून बरोबर ब्रश व मऊ कापड ठेवावे आणि आत लेन्स बदलू नये. माग तासभर बंद राहिला तर त्या तासाची मजुरी कारागिराला द्यावी. ती रक्कम गिऱ्हाइकाला सांगतानाच हिशेबात धरावी.

परवानगीचे थोडक्यात. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे. तिथे त्रिपॉड व दिवे लावून धंद्याचे काम करायचे तर पुरातत्त्व खात्याला आधी विचारावे. ती बौद्धांची श्रद्धेची जागाही आहे, बुद्धमूर्ती पाठीशी घेऊन जोडप्याला उभे करू नये. देवळालीच्या लष्करी हद्दीत कॅमेरा काढू नये. ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत, सरकारच्या नकाशावर लाल भाग पाहिल्याशिवाय ते उडवू नये. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाघाट बुडतो. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी दिसले तर काम दुसऱ्या दिवशी ठेवावे. जुन्या नाशकातल्या पडक्या वाड्यांत तर त्या चार महिन्यांत जाऊच नये.

आता हक्काची गोष्ट, जी फार थोड्या बंधूंना ठाऊक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे दुल्हनचा फोटो दुकानाच्या काचेत किंवा इंटरनेटवर लावायचा तर लेखी संमती हवी. बयाणा घेतानाच पावतीवर दोन ओळी लिहून सही घ्यावी : कोणते फोटो दाखवायचे, कोणते नाही. ज्या घरात परदा पाळला जातो तिथे तर मूळ फायली काम होताच सोपवून स्वतःकडची प्रत पुसून टाकतो, असे आपण होऊन सांगावे. अशी घरे पुढचे कामही त्याच फोटोग्राफरला देतात.

अशाच घरांना स्त्री फोटोग्राफर हवी असते आणि ती सहज मिळत नाही. ज्यांच्या घरात बहीण किंवा पत्नी शिकायला तयार आहे त्यांनी तिच्या हाती ५० मिलिमीटरची साधी लेन्स द्यावी आणि महिनाभर घरच्याच खिडकीपाशी, दिव्याशिवाय, चेहरे काढायला लावावेत. फ्लॅशचे काम त्यानंतर.