जुन्या बुलेट गाडीचे टॅपेट व टायमिंग

बैल लंगडूं लागला म्हणजे शेतकरी आधीं त्याचा खूर उचलून पाहतो. मोटारसायकल लंगडूं लागली म्हणजे मात्र ती मिस्त्रीच्या हवालीं करून तो बाजूस बसतो. वस्तुतः आपल्या वर्धा जिल्ह्यांत ज्या जुन्या बुलेट गाड्या अद्याप चालत आहेत, त्यांच्या पुष्कळशा तक्रारींचें मूळ दोन मापांत असतें: एक टॅपेटचें व दुसरें ठिणगीच्या वेळेचें. हीं दोन्ही मापें साक्षर शेतकऱ्यास अंगणांत बसून पाहतां येतात. तीं कशीं पाहावीं हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही गाडी मूळची इंग्लंडची. रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीची ही घडण. भारतीय सैन्यानें ती पसंत केल्यावर १९५५ सालीं मद्रास येथें एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली. १९७० च्या सुमारास इंग्लंडांतील उत्पादन बंद पडलें; मद्रासजवळील तिरुवोट्टियूरच्या कारखान्यांतून मात्र तीच घडण थोड्याफार फरकानें ह्या शतकाच्या पहिल्या दशकांतहि निघत होती. पुढील विवेचन ३५० च्या, लोखंडी सिलिंडरच्या व पॉइंट असलेल्या गाडीपुरतेंच आहे. नव्या गाड्यांस हीं मापें लावूं नयेत.

टॅपेट

इंजिनांत दोन व्हॉल्व्ह असतात. एकांतून पेट्रोलमिश्रित हवा आंत येते, दुसऱ्यांतून जळका वायु बाहेर जातो. कॅम फिरला म्हणजे टॅपेट उचलला जातो. तो पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला व रॉकर व्हॉल्व्हला दाबून उघडतो. व्हॉल्व्ह मिटलेला असतां ह्या सांखळींत ताण मुळींच राहतां कामा नये. ताण राहिल्यास व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता बसत नाहीं. जळक्या वायूचा व्हॉल्व्ह फार तापतो व बैठकीस टेकूनच आपली बहुतेक उष्णता टाकतो. तो टेकला नाहीं, तर फटींतून ज्वाला धांवून त्याची कड जळते.

टॅपेटची टकटक कित्येकांस सहन होत नाहीं. आमच्या पाहण्यांतील एका गाडीचा आवाज मालकाच्या आग्रहावरून टॅपेट कसून बंद करण्यांत आला. गाडी कांहीं दिवस गोड चालली. पुढें कॉम्प्रेशन गेलें, किक पोकळ पडूं लागली, आणि ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलावा लागला. हलकी टकटक हें दुखणें नव्हे. ती बंद करण्याचा हट्ट हेंच दुखणें होय.

मापाची रीत अशी. रात्रभर उभी असलेली, पूर्ण थंड गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. प्लग काढावा, वरचा गिअर टाकावा व मागील चाक हातानें पुढें फिरवावें. प्लगच्या छिद्रावर अंगठा धरला असतां हवेचा जोर लागेल तो कॉम्प्रेशनचा फेरा. त्या फेऱ्यांत पिस्टन अगदीं वर, शिरोबिंदूस, आणून थांबावें. ह्या वेळीं दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. आतां उजव्या बाजूचें टॅपेटचें झांकण काढून पुशरॉड दोन बोटांनीं फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे, परंतु वरखालीं हालतां कामा नये. हेंच ह्या गाडीचें माप. गेजचें पातें जाईल इतकी फट येथें ठेवीत नाहींत. फरक आढळल्यास एका पान्यानें टॅपेट धरावा, दुसऱ्यानें चेकनट सैल करावी व स्क्रू फिरवावा. चेकनट आवळतांना माप सरकतें, म्हणून आवळल्यावर पुशरॉड पुन्हां फिरवून पाहावा. संशय राहिला तर कसण्यापेक्षां किंचित् सैल बरें. डिकॉम्प्रेशनच्या तारेंतहि थोडी ढील असावी.

पॉइंट

पॉइंट पूर्ण उघडतील इतकें चाक फिरवून त्यांमधील फट फीलर गेजनें मोजावी. ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. टोकें काळीं वा खडबडीत असल्यास बारीक कानशीनें घासून, स्वच्छ पुसून मग मोजावें. हें काम टायमिंगच्या आधींच झालें पाहिजे. फट वाढली म्हणजे पॉइंट लवकर उघडतात व ठिणगी पुढें येते. फट घटली म्हणजे ठिणगी मागें पडते. जमिनीच्या मोजणींत मूळ खुणेचा दगडच सरकलेला असला, तर पुढच्या साऱ्या सांखळ्या व्यर्थ जातात. तसेंच हें आहे.

टायमिंग

कॉम्प्रेशनच्या फेऱ्यांत पिस्टन शिरोबिंदूच्या ०.८ मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतका, खालीं असतां पॉइंट उघडूं लागले पाहिजेत. हें माप इंजिन बंद असतांचें आहे. वेग वाढला म्हणजे आंतील वजनें फांकून ठिणगी आपोआप पुढें नेतात. प्लगच्या छिद्रांतून सायकलची तार पिस्टनवर टेकवून खूण करतात, परंतु छिद्र तिरपें असल्यामुळें तें माप अदमासाचें समजावें. डायल गेज मिळाल्यास उत्तम. तार आंत अडकलेली असतां चाक जोरानें फिरवूं नये.

पॉइंट केव्हां उघडतात हें हेडलाइटवरील अँमीटर सांगतो. बॅटरी भरलेली असावी. किल्ली लावल्यावर पॉइंट मिटलेले असतां कॉइल वीज घेते व कांटा डिस्चार्जकडे झुकतो. पॉइंट उघडतांच तो मध्यावर येतो. चाक सावकाश पुढें फिरवीत जावें. पिस्टन खुणेवर येतांक्षणींच कांटा मध्यावर आला तर टायमिंग बरोबर. आधीं आला तर ठिणगी आगाऊ, मागाहून आला तर उशिरा. पॉइंटचा पाट सैल करून कॅमच्या फिरण्याच्या दिशेस सरकविला म्हणजे ठिणगी मागें पडते. उलट सरकविला म्हणजे पुढें येते. खूण ओलांडली गेल्यास चाक बरेंच मागें नेऊन पुन्हां पुढें आणावें, नाहींतर दांत्यांतील ढील फसविते. काम होतांच किल्ली काढावी. ती तशीच राहिली तर कॉइल तापते.

लक्षणें

ठिणगी आगाऊ असली म्हणजे चढावर इंजिन टणटण वाजतें व किक उलटी मारते; ही उलटी किक घोट्याचें हाड मोडण्याइतकी जोरदार असूं शकते. ठिणगी उशिरा असली म्हणजे ओढ कमी होते व इंजिन फाजील तापतें. वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या आपल्या मुलखांत ह्या दोषाची उपेक्षा करणें महाग पडतें.

विहिरीवरील डिझेल इंजिनासहि टॅपेट असतात, परंतु त्यांची फट त्या त्या इंजिनाच्या पुस्तकांत दिलेली असते. तेथें ठिणगी नसून इंधनाची वेळ पंपावर ठरते. बुलेटचीं मापें तिकडे लावूं नयेत.

मृगापूर्वीं एकदां व दिवाळीनंतर एकदां हीं मापें पाहावीं आणि तारखेसह वहींत लिहून ठेवावीं. काम मिस्त्रीकडूनच करवावयाचें असलें, तरी माप आपण सांगावें, आणि गाडी ताब्यांत घेण्यापूर्वीं ती थंड असतांना पुशरॉड आपल्या बोटांनीं फिरवून पाहावा.