खंड्या आणि क्ष-किरण

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हे गाव तेथील विस्तीर्ण तलावामुळे सर्वांना ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे सांगतात. हिवाळ्यात येथे दूरदूरचे पक्षी उतरतात. अशा या पक्ष्यांच्या गावात आमच्या शेजारच्या मुलाने आपल्या कुत्र्यालाही पक्ष्याचेच नाव दिले होते. त्याचे नाव खंड्या. वय जेमतेम आठ महिने, आणि अंगात वारा भरलेला!

एके दिवशी सायंकाळी खंड्याला मोटारसायकलची धडक बसली. त्याचा मागचा उजवा पाय लोंबू लागला. गावच्या पशुवैद्यांनी वेदनाशामक औषध टोचले, पायाला कामट्यांचा आधार बांधला आणि त्याला नागपूरला नेण्यास सांगितले. नागपूर येथून सव्वाशे किलोमीटरांहून दूर आहे. मुलगा, त्याचे वडील आणि मी असे तिघे पहाटेच निघालो. वाटेत खंड्या निमूटपणे पडून होता. फक्त त्याचा श्वास भराभर चालला होता. दुखण्यामुळे तसे होत असावे, असे आम्हांला वाटले.

तेथील पशुरुग्णालयात डॉक्टरबाईंनी त्याला तपासले आणि आधी छातीचा व मग पायाचा क्ष-किरण फोटो काढावयास सांगितले. मुलाने वडिलांकडे पाहिले. जवळ पैसे मोजकेच होते.

“मॅडम, पाय मोडलेला तर दिसतोच आहे. मग छातीचा फोटो कशाला?”

“पाय दिसतो, म्हणूनच,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “छातीत काय झाले आहे ते दिसत नाही, आणि खंड्या ते सांगणारही नाही. ते न पाहता मी त्याला भूल दिली, तर कदाचित तो पुन्हा उठणार नाही.”

मुलांनो, बीजगणितात आपण अज्ञात संख्येला ‘क्ष’ म्हणतो. या किरणांचे नावही तसेच पडले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन हे शास्त्रज्ञ एका निर्वात नळीतून विजेचा प्रवाह सोडीत होते. नळी काळ्या कागदाने झाकलेली होती, तरी जवळचा रसायनाचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. हे कोणते किरण, हे ठाऊक नसल्याने त्यांनी त्यांना अज्ञाताचे चिन्ह दिले. त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले, तेव्हा बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी तेवढी स्पष्ट उमटली. पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यांनाच मिळाले.

हे किरण मांसातून बऱ्याच प्रमाणात पार होतात. हाडांतील कॅल्शियम मात्र त्यांना अडविते. म्हणून चित्रात हाड पांढरे, मांस करडे आणि हवा काळी दिसते. पूर्वी हे चित्र फिल्मवर घेत, मग अंधाऱ्या खोलीत रसायनांत धूत. ते फिके किंवा गडद आले, की सारा खटाटोप पुन्हा करावा लागे. डिजिटल यंत्रात फिल्मच्या जागी एक सपाट पाटी असते. पाटीवर पडलेल्या किरणांचे आधी प्रकाशात, प्रकाशाचे विद्युत्संकेतांत आणि संकेतांचे अंकांत रूपांतर होते. त्या अंकांवरून संगणक काही क्षणांत चित्र तयार करतो. एकाच चित्रात हाड नीट पाहावयाचे की फुप्फुस, त्याप्रमाणे छटा कमीअधिक करता येतात. शिवाय ते चित्र दूरच्या तज्ज्ञाला तत्काळ पाठविता येते.

परंतु यंत्र कितीही चांगले असले तरी रुग्ण हलला की चित्र पुसट होते. माणसाला ‘श्वास रोखा’ असे सांगता येते. कुत्र्याला कसे सांगणार? खंड्याच्या अंगाशेजारी वाळूच्या पिशव्या ठेवल्या. त्याला धरणाऱ्या मदतनीसाने शिशाचे जड वस्त्र अंगावर चढविले, कारण हे किरण शरीरात वारंवार जाणे अपायकारक असते. आम्हांला बाहेर उभे केले. एक चित्र कुशीवर निजवून घेतले व दुसरे उताणे निजवून; कारण एका बाजूने न दिसणारी चीर दुसऱ्या बाजूने दिसू शकते.

पडद्यावर छातीचे चित्र उमटले. हृदय उरोस्थीवर टेकलेले असावयाचे, ते वर उचलल्यासारखे दिसत होते आणि खाली काळी पोकळी होती. धडकेने फुप्फुसाला इजा होऊन हवा छातीच्या पोकळीत साठली होती. फुप्फुसांना फुलावयास जागाच उरली नव्हती! भराभर श्वासाचे कारण हे होते. डॉक्टरबाईंनी सुईने ती हवा काढून घेतली आणि पायाची शस्त्रक्रिया तीन दिवस पुढे ढकलली. मुलाने पुन्हा ‘कशाला’ म्हटले नाही.

पायाच्या चित्रात मोडलेले हाड स्पष्ट होते. पण गुडघ्याजवळ आणखी एक काळी रेघ पाहून मुलगा घाबरला. “इथेही मोडले आहे का?”

“नाही रे. ही वाढीची कूर्चा. याच जागी हाड लांबीला वाढते. तुझ्याही गुडघ्यात आता अशीच रेघ असेल,” असे म्हणून त्यांनी शेजारच्या धडधाकट पायातील तशीच रेघ दाखविली.

आम्ही थांबलो असता तेथे एक मांजरी आणली गेली. खेळताखेळता तिने दोऱ्यासकट सुई गिळली होती. चित्रात सुई लखलखीत पांढरी दिसली. दोरा मात्र दिसलाच नाही. क्ष-किरणांना धातू दिसतो, सूत दिसत नाही. आतड्यांना खरा धोका त्या न दिसणाऱ्या दोऱ्याचाच असतो. म्हणून डॉक्टरबाईंनी प्रथम तिची जीभ उचलून खाली दोरा अडकला आहे का, ते पाहिले.

चौथ्या दिवशी खंड्याच्या हाडात पोलादी सळई बसविली. पाचव्या आठवड्यात आम्ही त्याला पुन्हा नेले. मुलाने जुने व नवे चित्र शेजारीशेजारी लावून घेतले. जेथे पूर्वी काळी फट होती, तेथे दोन्ही टोकांना वेढून विरळ पांढरा ढग जमला होता. ते नवे हाड होते. “अजून कच्चे आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “याला इतक्यात पळू देऊ नकोस.” परतताना साऱ्या वाटेवर मुलाने खंड्याचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता.