तुरीच्या आयातीसाठी कोण कोणाला भेटलं?

प्रश्न : तूर निघायच्या वेळीच शुल्कमुक्त आयातीला मुदतवाढ मिळते. त्यासाठी दिल्लीत कोण कोणाला भेटलं, हे आम्हाला कळू शकतं का?
– एक शेतकरी, भालकी (जि. बीदर)

उत्तर : आपोआप कळत नाही, आणि हा अन्याय आहे. अमेरिकेत १९९५च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते व खर्च जाहीर करावा लागतो. आपल्याकडे असा कायदाच नाही. तरी माहिती अधिकार (२००५) हाती आहे. वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयांकडे दहा रुपये शुल्कासह स्वतंत्र अर्ज करा. निवेदनं, बैठकांची इतिवृत्तं आणि फाइलवरच्या टिपणांच्या प्रती मागा. ‘का’ विचारू नका, कागद मागा. अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत लिहा. बीदरमधून मराठी अर्जाचा हक्क कायदा देत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील जरूर करा.