रिंग की व्हॉल्व्ह?

कॉम्प्रेशन रेशोची गणितं आपण परीक्षेत धडाधड सोडवतो. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तर आमची जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० मिसिंग करत होती. गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन बोअरला काढावं लागेल." खर्च ऐकून बाबा गप्पच झाले. मी मित्राकडून कॉम्प्रेशन गेज आणला.

इंजिन गरम केलं, इग्निशन कॉइलची वायर सोडवली आणि तिन्ही स्पार्क प्लग काढले. एकेका सिलिंडरला गेज लावला. बाबांनी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. हवा पुरेशी आत गेली नाही तर रीडिंग खोटं येतं. काटा थांबेपर्यंत पाच-सहा स्ट्रोक. आकडे आले १६५, १६० आणि ११० पीएसआय. सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांवर गेला की काहीतरी बिघडलंय समजावं.

तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा टेस्ट घेतली. ऑइल रिंगभोवतीची फट बुजवतं, म्हणून प्रेशर चढलं तर दोष रिंगचा. काटा ११५ वरच अडला. म्हणजे गळती वरच्या बाजूला, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटपाशी.

इंजिन थंड झाल्यावर टॅपेट तपासले. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फीलर गेज शिरेचना! व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता. क्लिअरन्स लावला, पुन्हा मोजलं: १५५. व्हॉल्व्ह जळलेला असता तर हेड उतरवावं लागलं असतं. पण बोअरिंगची गरज तेव्हाही नव्हती.

मित्रहो, खोलण्याआधी मोजा. बाबा एवढंच म्हणाले, "चला, फी वसूल झाली."